फोन आला की मी पार्किंगमध्ये जाते

ताई,

मी सोळा वर्षांची आहे. दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून अकरावी सायन्सला पुण्यात आले. नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहते, खोलीत आम्ही चौघी. पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये मी ‘मावशी, अजून एक पोयी द्या’ म्हणाले आणि टेबलावरच्या सगळ्या हसल्या. मग ते माझं नावच पडलं, पोयी. वाईट हेतूने नाही म्हणत, पण म्हणतात. तेव्हापासून बोलायच्या आधी वाक्य मनात जुळवून घेते. ण कुठे, ळ कुठे. आता बऱ्यापैकी जमतं. पण घरून फोन आला की मी खाली पार्किंगमध्ये जाते, कारण आईशी बोलताना सगळं परत तसंच येतं. वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर करत नाही.

बाबांची पिठाची चक्की आहे. मुलींना मी ‘बाबांचा बिझनेस आहे’ एवढंच सांगितलंय. दिवाळीनंतर बाबा मला सोडायला रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसून आले. मी त्यांना संगमवाडीला, गाडी थांबते तिथेच म्हटलं, इथून पुढे मी जाते, तुम्ही परतीची गाडी बघा. ते ‘बरं’ म्हणाले, हातातली पिशवी दिली आणि तिथेच चहाच्या टपरीवर थांबले.

गावात तरी काय? दिवाळीत चुलत बहिणी म्हणाल्या, ‘आली माय पुनेवाली!’ आजी म्हणाली, ‘कशी बोलून राहिली वं पोरगी?’ इथल्या ग्रुपमध्ये मी आहे, वाढदिवसाला कॉन्ट्री देते, फोटोत असते. पण उद्या उठून निघून गेले तर कुणाचं काही अडणार नाही. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप येत नाही. मी नक्की कोण आहे, हेच कळेनासं झालंय. दहावीपर्यंत शाळेच्या खो-खोच्या संघात होते, तेव्हा असलं काही मनातसुद्धा यायचं नाही. संक्रांतीच्या सुमारास बाबा पुन्हा येतो म्हणतायत. काय करू?

– ना तिकडची, ना इकडची

प्रिय मुली,

तुझ्या पत्रात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत, त्या आधी सुट्या करू. तू बोलणं बदललंस, आणि तू घर लपवलंस. दोन्हींसाठी तू स्वतःला एकाच मापाने दोष देते आहेस. माझ्या मते पहिल्यात गैर काहीच नाही. दुसऱ्याचं ओझं मात्र खरं आहे आणि तुझी झोप बहुधा तिथेच अडली आहे.

आधी बोलण्याचं. चार महिन्यांत नव्या गावासारखं बोलता यायला कान लागतो, तो तुला आहे. तुझ्या शाळेतल्या बाई फळ्यापुढे एक मराठी बोलत असतील आणि मधल्या सुट्टीत शेजारच्या वर्गावरच्या बाईंशी दुसरी. तुझे बाबा चक्कीवर बोलतात तसं तहसील कचेरीत बोलत नसणार. त्यांना कुणी खोटं म्हणत नाही. कोल्हापूर, नांदेड, मालवण, चाळीसगावहून पुण्यात आलेल्या कितीतरी मुली रोज हेच करतात आणि घरचा फोन आला की गॅलरीच्या कोपऱ्यात जातात. तुमच्या पार्किंगमध्ये त्या वेळी आणखी कुणी फोनवर असतं का, एकदा बघ.

आता ‘पोयी’. वाईट हेतूने म्हणत नाहीत, हे तू त्यांच्या वतीने लिहिलंस. त्यांची वकिली तू कशाला करतेस? पहिल्या दिवशी हसू आलं ते आलं. पण तीच हाक चार महिने मारत राहायचं म्हणजे समोरच्याला त्याची जागा दाखवणं झालं. यावर सगळ्यांपुढे भाषण करू नकोस. तिघींपैकी जिच्याशी त्यातल्या त्यात पटतं तिला एकटीला गाठ आणि सांग, ‘मला पोयी म्हणू नका, लागतं मला ते. नावाने हाक मारा.’ कारणं देत बसू नकोस, आणि हसत हसत तर मुळीच सांगू नकोस, हसत सांगितलेलं हसण्यावारीच जातं. त्यानंतरही कुणी म्हटलंच तर ओ देऊ नकोस. ओ मिळाली नाही की असली नावं लवकर विरतात.

(हे वाचणाऱ्या पुण्याच्या मुलींना एक सांगते. तुमच्या खोलीत एखादी मुलगी फार मोजून-मापून बोलत असेल, तर ती शिष्ट आहे असं समजायच्या आधी तिला कशावर हसला होतात ते आठवून बघा.)

ण आणि ळ चुकले म्हणजे आपण कमी, हे तुझ्या डोक्यात शिरलंय, म्हणून थोडा इतिहास सांगते. शाळेत जिला प्रमाण मराठी म्हणतात ती पुण्या-मुंबईकडच्या शिकलेल्या लोकांच्या बोलण्याच्या आधारे एकोणिसाव्या शतकात घडली. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ चं. तेव्हा तुमचा वऱ्हाड निजामाच्या मुलखात होता. इंग्रजांच्या कारभारात तो आला १८५३ मध्ये. म्हणजे भाषेची ठरवाठरवी चालली होती तिथे तुमच्याकडचं फारसं कुणी नव्हतंच. आणि त्याच्या साडेपाचशे वर्षं आधी, १२७८ च्या सुमाराला, म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ लिहिलं, ते कुठे? तुझ्याच अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला. मराठी गद्याचा पहिला ग्रंथ म्हणून त्याचं नाव घेतात. मराठी भाषेचं विद्यापीठ आता झालंय तेही रिद्धपूरलाच.

मेसच्या टेबलावर हे ऐकवून कुणाचं हसू थांबणार नाही, ते मला ठाऊक आहे. टीव्हीवर वऱ्हाडी बोलणारा माणूस आला की तो हसवायलाच येतो, याची सवय सगळ्या महाराष्ट्राला लागली आहे आणि ती काही तुझ्या एकटीने सुटायची नाही. तुझ्यापुरतं एवढं कळलं तरी खूप झालं, की ळ चा य होणं हा तुझ्या हुशारीतला दोष नाही. प्रमाण मराठी जरूर शीक, चांगली शीक, मुलाखतीला, भाषणाला, पेपरात लिहायला ती लागते. फक्त ती शिकायची म्हणजे आधीची पुसायची, असा हिशेब करू नकोस.

वर्गात हात वर न करण्याबद्दलही लगेच सांगून टाकते. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात टॉम गिलोविच या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक गमतीचा प्रयोग केला होता, २००० साली तो प्रसिद्ध झाला. एका विद्यार्थ्याला बॅरी मॅनिलो या गायकाचा मोठा चेहरा छापलेला, कॉलेजच्या पोरांना घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालायला लावायचा आणि इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवायचं. मग विचारायचं, किती जणांनी बघितलं असेल? टी-शर्ट घालणाऱ्यांना वाटायचं, निम्म्यांनी तरी. प्रत्यक्षात साधारण पाव जणांच्या ते लक्षात यायचं. तुझ्यावर कुणी हसलंच नाही असं मी म्हणत नाही, मेसमध्ये हसले ते हसलेच. पण फिजिक्सच्या तासाला ऐंशी पोरं बसलेली असतात तिथे बहुतेकांचं लक्ष स्वतःच्या न झालेल्या गृहपाठाकडे असतं. उत्तर येत असेल तर हात वर कर. ‘पानी’ म्हणालीस तरी सरांना ऐकायची आहे ती त्याची घनता.

‘मी नक्की कोण आहे’ हा प्रश्न तुला कमीपणाचा वाटतोय, म्हणून एका माणसाची गोष्ट सांगते. १९०२ साली जर्मनीत एक मुलगा जन्मला. आई डॅनिश ज्यू. जन्मदात्या वडिलांचा पत्ता त्याला आयुष्यभर लागला नाही. सावत्र वडील ज्यू डॉक्टर. मुलगा उंच, सोनेरी केसांचा, निळ्या डोळ्यांचा. ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात पोरं त्याला ‘हा आपल्यातला नाही’ म्हणून चिडवायची आणि शाळेत जर्मन पोरं ज्यू म्हणून. शाळा संपल्यावर काय करायचं हे न सुचून तो चित्रं काढत युरोपभर भटकला. पुढे मुलांच्या मानसशास्त्राकडे वळला, अमेरिकेत गेला आणि १९३९ मध्ये तिथलं नागरिकत्व घेताना स्वतःचं आडनावच बदलून घेतलं, एरिक्सन. एरिक एरिक्सन. किशोरवयातल्या ‘ओळखीच्या पेचा’बद्दल आज शिक्षक आणि समुपदेशक जे बोलतात, ती कल्पना मांडणारा हाच माणूस. ना तिकडचा, ना इकडचा असा मुलगा होता, म्हणून त्याला तो पेच दिसला, असं मला नेहमी वाटतं.

त्याच्या म्हणण्यातलं तुझ्या कामाचं एवढंच, की या वयात वेगवेगळ्या भूमिका घालून बघायला थोडी सवलत लागते, आणि ती घेतली म्हणून माणूस ढोंगी होत नाही. उलट मोठ्यांनी किंवा ग्रुपने तयार करून दिलेली ओळख कुठेही न चाचपता जी मुलं अंगावर चढवतात, त्यांचा पेच पुढे कधीतरी, पस्तिशीत वगैरे, निघतो. माझ्याकडे तशीही पत्रं येतात आणि ती जास्त अवघड असतात. तुझं लवकर निघालं, त्यात वाईट काही नाही.

आता घराकडे येऊ. लपवण्याची गोष्ट वेगळी का म्हणते? कारण तिला राखण करावी लागते. फोन कुठे घ्यायचा, कुणासमोर काय बोलून गेलो, बाबांना कुठून परत पाठवायचं, सगळीकडे डोळ्यांत तेल घालून राहायचं. दिवसभर पहारा दिल्यावर रात्री झोप कशी लागणार? शिवाय यातली खरी मेख अशी, की खोलीतल्या मुली उद्या तुझ्याशी अगदी जिवाभावाने वागल्या तरी तुला ते पचणार नाही. मन म्हणेल, यांना बिझनेसवाल्याची पोरगी आवडते, मी नाही.

खरं तर तू खोटंही बोललेली नाहीस. चक्की हा धंदाच आहे. सकाळी शटर वर, लाइट गेली की डबे ओट्यावर रांगेत, दगड गुळगुळीत झाले की टाकी लावून घ्यायची, आणि समोरची काकू बजावून जाणार, ‘गव्हावर गहूच टाका, ज्वारीवर नको.’ कुणाचा डबा कुठला, हे नाव न लिहिता लक्षात ठेवायचं. दिवस संपला की भुवयांपर्यंत पीठ. त्या पिठावर तू शिकते आहेस, हे तुला मी सांगायला नको. पण हे मुलींना सांगण्यासारखं आहे, आणि सांगताना कबुलीजबाब दिल्यासारखं सांगू नकोस. ‘मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय’ अशी सुरुवात केलीस की त्या सावरून बसतील आणि नसलेल्या गोष्टीचा डोंगर होईल. मेसमधली पोळी वातड निघाली, की सहज म्हण, ‘आमच्या चक्कीवर असलं दळण आलं तर बाबा परत पाठवतील.’ कुणीतरी विचारेलच, ‘तुमची चक्की आहे?’ ‘हो, तोच तर बिझनेस.’ एवढ्यात काम झालं. एखादी नाक मुरडेल. मुरडू दे, तेवढीच तिची ओळख पटली.

फोनचंही तसंच. उद्यापासून सगळे फोन खोलीतच घे असं म्हणत नाही. एक घे. आईला आधी काही सांगू नकोस, नेहमीसारखी बोल, ‘मले’ आणि ‘तुले’सकट. पहिली दोन मिनिटं कान तापतील. मग आईने गाय व्यायल्याचं किंवा शेजारच्या लग्नाचं काही सांगितलं की तू विसरून जाशील.

ग्रुपबद्दल तू एक वाक्य लिहिलंस, उद्या निघून गेले तर कुणाचं काही अडणार नाही. ते वाक्य मला तुझ्या अख्ख्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, आणि त्याचं उत्तरही तुझ्याच पत्रात खाली आहे, तू खो-खो खेळायचीस. आपलं असणं कुणाला तरी लागतं, ही भावना कॉन्ट्री भरून आणि फोटोत उभं राहून येत नाही. ती एकत्र काही करताना येते. खो-खोत आठ जणी पाटीवर एकआड एक उलटी तोंडं करून बसलेल्या असतात, नववी धावत असते. तिने पाठीवर हात टेकवून ‘खो’ म्हटलं की तू उठायचंच. उशिरा उठलीस तर समोरची निसटली. तिथे तुझ्या ण-ळ कडे बघायला कुणाला सवड आहे? तू नसलीस तर जागा रिकामी दिसते आणि डाव अडतो.

आणि तू खो-खो सोडलास तोही कुठे, तर पुण्यात! या खेळाचे नियम १९१४ च्या सुमाराला डेक्कन जिमखान्यावर बसवले गेले. त्याच १९१४ मध्ये अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघालं, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवायला तिथलीच मंडळी गेली होती. त्यात खो-खोही होता. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, तो भारताच्या मुलींनी जिंकला, कर्णधार महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. तेव्हा कॉलेजच्या जिमखान्यात जाऊन संघाची चौकशी कर. संघ नसेल तर पेठांच्या आसपास संध्याकाळी सराव चालणारी मैदानं आहेत, तिथे जाऊन प्रशिक्षकांना विचार. सायन्सचा अभ्यास आहे म्हणून घरून आधी ‘नाही’ येईल. आठवड्याला तीन संध्याकाळी मागून घे. दमलीस की झोपेचंही बघता येईल.

झोपेचं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. खेळून, बोलून, फोन उशापासून लांब ठेवूनही दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, जेवण तुटलं, सारखं रडू येऊ लागलं, किंवा आपण नसलेलंच बरं असा विचार एकदा जरी डोकावला, तर वाट बघू नकोस. कॉलेजात समुपदेशक असतील तर त्यांच्याकडे जा. रात्री-अपरात्री कुणीच नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतून बोलता येतं. आणि आईला सांग. तिला सायन्स कळत नसेल, तुझा आवाज कळतो.

गावच्या बहिणींची फार फिकीर करू नकोस. ‘पुनेवाली’ म्हणण्यात थोडी चेष्टा आहे, थोडा हेवा आहे आणि आपली ताई हातची गेली की काय ही थोडी धास्ती आहे. पुढच्या खेपेला त्यातली जी दहावीला असेल तिला सोबत बसवून अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचा फॉर्म कसा भरायचा ते दाखव, पसंतीक्रम कसा लावतात ते सांग. आजीला तर उत्तर द्यायचीच गरज नाही. ती विचारून राहिली, तू जवळ बसून राहा.

राहिले बाबा. संगमवाडीला त्यांना कळलं असेल का, हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण पत्रभर तोच आहे. माझा अंदाज, कळलं असेल. ‘बरं’ म्हणून चहाला थांबणारा माणूस समजूतदार आहे, त्याने तुला तिथल्या तिथे सोडवलं. म्हणून आता लांबलचक माफी मागून त्यांना अवघडवू नकोस. ते येतील तेव्हा काय करायचं ते सांगते. वॉर्डनना, नाहीतर घरमालकीणबाईंना, आदल्या दिवशी सांगून ठेव, वडील येणार आहेत म्हणून. बहुतेक ठिकाणी बाहेरच्या खोलीपर्यंत येऊ देतात. बाबांना फोन करून सांग, की परस्पर परतीची गाडी बघू नका, संध्याकाळची बघा. सकाळी संगमवाडीला घ्यायला तूच जा आणि खोलीवर घेऊन ये. ते पायजम्यात येवोत की खांद्यावर दुपट्टा टाकून येवोत, ‘नीट कपडे घाला’ असं चुकूनही म्हणू नकोस. कॉलेज दाखव. दुपारी मेसचं गेस्ट कूपन काढून त्यांना जेवायला बसव, खोलीतल्या तिघी असतील त्याच टेबलावर. तिळगुळाची पिशवी त्यांनी आणलीच असणार, ती त्यांच्याच हातून वाटायला लाव. ते मुलींशी त्यांच्या पद्धतीने बोलतील, शिकता का नीट, जेवता का, असं काहीतरी. मधे पडून भाषांतर करू नकोस.